सीमाभागात फिरणारे ठगांचे फोन, लिंका, मेसेज: इथे नोंदवत राहूया

उद्यमबागचा हिशेबनीस (धागाकर्ता) | सोमवार, रात्री 9.12

नमस्कार मंडळी.

सायबर जागृतीची पत्रकं हल्ली बसस्टँडवर, बँकेत, ग्रामपंचायतीत दिसतात. मी पाहिली ती सगळी कन्नडमध्ये. शाळेत कन्नड शिकलेली पोरं वाचतात. ज्यांची आयुष्यभराची कमाई एफडीत आहे त्या साठी-सत्तरीतल्या येळ्ळूर-कडोलीच्या माणसांना मात्र त्यातलं चित्र तेवढं कळतं. बँकेचे इशारे इंग्रजीत येतात. म्हणून म्हटलं, मराठीत एक धागा असावा.

इंटरनेटवर सावधगिरीच्या याद्या ढिगाने आहेत, पण त्या पुण्या-मुंबईच्या माणसासाठी लिहिलेल्या. आपलं गणित वेगळं आहे. घर बेळगाव तालुक्यात, सिम चंदगडला घेतलेलं, लेक कोल्हापुरात, पेन्शन महाराष्ट्राची, वीज हेस्कॉमची, गाडी केए-22. त्यामुळे कुठल्याही राज्याच्या नावाने मेसेज आला तरी तो आपल्याला खराच वाटू शकतो. शिवाय सरकारी कागद धड वाचता येत नाही, म्हणून जो समजावून सांगेल त्याचं ऐकायची आपल्याला वर्षानुवर्षांची सवय. फोनवरचा ठग दुसरं काय करतो? अगदी गोड हिंदीत समजावूनच सांगतो.

सुरुवात मी करतो. बेळगावजवळच्या मच्छेतल्या आमच्या ओळखीच्या काकांना मेसेज आला: मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा. वर महावितरणचा लोगो. तुम्ही म्हणाल, मच्छेत महावितरण कुठून आलं? पण काकांचं शेत चंदगड तालुक्यात, तिथल्या पंपाचं कनेक्शन महावितरणचंच. त्यांनी फोन लावला. पलीकडून सांगितलं, एक ॲप घ्या आणि फक्त दहा रुपये भरा, म्हणजे नोंद होईल. ते ॲप म्हणजे आपल्या मोबाईलचा पडदा समोरच्याला दाखवणारं. दहा रुपयांसाठी टाकलेला पिन त्याला दिसतो, मग खातं साफ. काकांच्या सुनेने वेळेत फोन हिसकावून घेतला म्हणून वाचले.

वीज कंपनी रात्री साडेनऊला तार तोडायला माणूस पाठवत नाही आणि दहा आकडी खासगी मोबाईल नंबरवरून नोटीस देत नाही. हे दोन्ही राज्यांना लागू.

तुमच्याकडे काय आलं, कुठल्या शब्दांत आलं, ते लिहा. फसलेल्या माणसाचं नाव, गल्ली लिहू नका. आणि सीमाप्रश्नावर इथे चर्चा नको, त्याला वेगळे धागे आहेत.

निपाणीची सून | सोमवार, रात्री 9.50

चांगला धागा. बायकांच्या बाजूचं मी लिहिते.

माझी नणंद कागलला, तिला लाडकी बहीणचे 1500. मला इकडे गृहलक्ष्मीचे 2000. मधे फक्त रस्ता. गृहलक्ष्मीचा हप्ता रखडला की आमच्या बायकांचा ग्रुप अस्वस्थ होतो आणि नेमके तेव्हाच फोन सुरू होतात: "मॅडम, तुमचे हप्ते अडकलेत, आधार लिंक तुटलंय, एक ओटीपी येईल तो सांगा." हप्ता सगळ्यांचाच रखडलेला असतो, त्यामुळे दहा जणींना फोन केला तर दहाही जणींना वाटतं की आपल्याबद्दल याला खरंच काहीतरी माहीत आहे.

लाडकी बहीणची ई-केवायसी 2025 च्या सप्टेंबरात सुरू झाली तेव्हा दुसरा प्रकार आला. "कर्नाटकातल्या मराठी बहिणींनाही अर्ज करता येणार" अशी लिंक फिरली. भोळेपणाने नाही, आशेने पुढे पाठवली गेली. लिंकमध्ये आधार नंबर, बँक खातं, मग ओटीपी.

पत्त्याच्या शेवटी gov.in आहे का ते बघायचं असं सांगतात, पण आमच्या सासूबाईंना ते कसं बघायचं? त्यांच्यासाठी मी सरळ नियम केलाय. सरकारी पैशाचं काहीही असलं तरी फोनवर करायचं नाही. ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रात नाहीतर बापूजी सेवा केंद्रात चालत जायचं. हे पैसे आधार जोडलेल्या खात्यात थेट येतात, ते यायला ओटीपी लागत नाही.

कॅम्पातला फौजी | सोमवार, रात्री 10.25

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर. कॅम्पात जवान रोज दिसतात, घराघरात कोणी ना कोणी फौजेत. त्यामुळे वर्दीवाल्या फोटोवर आपल्या लोकांचा विश्वास जरा जास्तच. ठगांनी हे हेरलंय.

जाहिरात असते: स्कूटर, नवीकोरी, बाजारभावाच्या निम्म्यात. मालक "जवान". कारण ठरलेलं, बदली झाली, तातडीने विकायची आहे. विचारायच्या आधीच ओळखपत्राचा, कॅन्टीन कार्डाचा फोटो पाठवतो. मग म्हणतो, गाडी आर्मीच्या ट्रान्सपोर्टने घरपोच येईल, आधी थोडे पैसे भरा. भरले की गेटपासचे, मग जीएसटीचे, मग "उशीर झाला म्हणून दंडाचे, पण ते परत मिळतील."

दुसरा प्रकार घर भाड्याने देणाऱ्यांसाठी. हिंडलगा, गणेशपूर, लक्ष्मीटेक भागात खोल्या देणारे पुष्कळ. "मी आर्मीत आहे, बेळगावला पोस्टिंग आहे, ॲडव्हान्स पाठवतो. आमच्या खात्याची पद्धत उलटी आहे, आधी तुम्ही पाच रुपये पाठवा, मग डबल येतील." पाचाचे दहा खरोखर येतात. मग पाच हजार पाठवायला सांगतो, ते येत नाहीत.

बत्तीस वर्षांच्या नोकरीत अशी उलटी पद्धत मी पाहिली नाही. जवान स्वतःची गाडी विकत असेल तर त्याला म्हणा, गेटवर भेटू, गाडी चालवून बघतो. खोटा असला तर तिथेच संपतं.

माजी सैनिकांनो, लाइफ सर्टिफिकेटचा फोन आला तर ठेवून द्या. स्पर्श या संरक्षण खात्याच्या पेन्शन साइटवर आपण स्वतः किंवा सेवा केंद्रातून करायचं असतं. कोणी फोन करून "करून देतो" म्हणत नाही.

शहापूरकर तात्या | मंगळवार, सकाळी 7.05

सगळं वाचलो. खरं मला एक कळत नाही बघा, शिकलेली माणसं कशी फसतात की? लोभ दुसरं काय. फुकटचं घ्यायला जातात आणि मग बोंब मारतात. मला पण फोन येतात, मी बेळगावी भाषेत चार शब्द ऐकवतो, परत येत नाहीत.

खानापुरी | मंगळवार, सकाळी 8.40

तात्या, तुमच्याबद्दल आदर आहे, पण इथे सहमत नाही.

आपल्याच खानापूर तालुक्यात 2025 च्या मार्चमध्ये एका वृद्ध दांपत्याने जीव दिला. बातमी सगळ्यांनी वाचली असेल. त्यांना काही फुकटचं नको होतं. "तुमच्या नावावर गुन्हा आहे" एवढं ऐकवून त्यांच्याकडून लाखो रुपये काढले होते. याला डिजिटल अरेस्ट म्हणतात आणि ते लोभावर चालत नाही, अब्रूवर चालतं. गावात सरळ माणूस म्हणून चाळीस वर्षं वावरलेला माणूस पोलिसाच्या नुसत्या नावाने हादरतो. अट्टल माणूस हादरत नाही.

त्याची घडण लक्षात ठेवा. पहिला फोन कुरिअरवाल्याचा, नाहीतर "ट्रायमधून (दूरसंचार नियामकाकडून) बोलतोय, तुमचं सिम बंद होणार" असा. तो म्हणतो, तुमच्या आधारवर मुंबईत दुसरं सिम आहे, त्यावरून घाण मेसेज गेलेत, पोलिसांना जोडून देतो. मग व्हिडिओ कॉल. समोर वर्दी, मागे झेंडा, टेबलावर फाइली. सीबीआय, ईडी, सुप्रीम कोर्टाचे शिक्के असलेली पत्रं व्हॉट्सॲपवर. आणि मुख्य वाक्य: कोणाला सांगू नका, राष्ट्रीय सुरक्षेचं प्रकरण आहे, कॅमेरा बंद करू नका. शेवटी "पैसे तपासणीसाठी आरबीआयच्या खात्यात टाका, निर्दोष ठरलात की परत."

भारतात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कुठल्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनी 2024 च्या ऑक्टोबरात 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं. सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरात तपास सीबीआयकडे दिला. इतक्या वर जाऊनही आमच्या गावातल्या म्हाताऱ्याला अजून ठाऊक नाही, हा खरा प्रश्न.

आमच्याकडचा आणखी एक. खानापूर, जांबोटी भागातली पोरं गोव्यात कामाला. आईला फोन येतो, डीपीवर पोलीस अधिकारी: "तुमचा मुलगा ड्रग्जच्या केसमध्ये धरलाय, हा घ्या बोला." मागून रडणारा पोरगा "आई, मला सोडव" एवढंच म्हणतो. रडताना सगळ्यांचा आवाज सारखाच येतो, आणि आता तर आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी यंत्रंही आहेत. आमच्या शेजारच्या मावशींनी काय केलं, म्हणाल्या, "त्याला विचार की, आपल्या म्हशीचं नाव काय?" फोन कट. मग मुलाच्या नंबरवर लावला तर साहेब म्हापशात जेवत बसलेले.

शहापूरकर तात्या | मंगळवार, सकाळी 9.15

म्हशीचं नाव! मावशींना नमस्कार सांगा. बरं, लोभाचं मी मागे घेत नाही, खरं भीतीचंही असतंय हे मान्य. काय करूलालेत पोलीस, ते पण कोणीतरी सांगा.

शिनोळी फाटा | मंगळवार, दुपारी 1.20

रोज बेळगाव-शिनोळी आणि आठवड्याला कोल्हापूर करणारा माणूस आहे, त्यामुळे माझ्याकडे गाडीचं प्रकरण.

केए-22, केए-23 वाल्यांना महाराष्ट्राचं चलन येणं नवीन नाही. म्हणूनच "तुमचं चलन बाकी आहे" हा मेसेज आपल्याला लगेच पटतो. त्याला जोडलेली फाइल असते, नाव 'आरटीओ चलन' आणि शेवटी .apk. ती पावती नसते, ॲप असतं. दाबलं की मोबाईल विचारतो, अनोळखी ठिकाणचं ॲप घालू का? हो म्हटलं की पुढे विचारतो, एसएमएस वाचायची परवानगी देऊ का? तेही हो म्हटलं की तुमचे सगळे ओटीपी थेट ठगाकडे. बऱ्याचदा व्हॉट्सॲपही ताब्यात घेऊन तीच फाइल तुमच्या सगळ्या ओळखीच्यांना जाते. म्हणून ती अनोळखी नंबरवरून येत नाही, तुमच्या साडूकडून येते! हीच फाइल कधी 'पीएम किसान यादी', कधी 'लग्नपत्रिका', कधी 'बँक केवायसी' नावाने.

खरं चलन बघायचं तर परिवहनच्या ई-चलन साइटवर स्वतः जाऊन गाडी नंबर टाकून बघा. मेसेजमधून जाऊ नका.

फास्टॅगचा वार्षिक पास 2025 च्या 15 ऑगस्टला सुरू झाला. तेव्हा 3000 रुपये होता, 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. कोगनोळी आणि हत्तरगी टोलवरून सारखं जाणाऱ्या खासगी गाडीवाल्याला फायद्याचा. आणि लगेच "1500 मध्ये पास" अशा जाहिराती. पास फक्त राजमार्गयात्रा ॲपवर आणि महामार्ग प्राधिकरण (एनएचएआय) व रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या साइटवर मिळतो, तिसरीकडे नाही.

निपाणीची सून | मंगळवार, दुपारी 2.05

एपीके चुकून घातलं असेल तर काय करायचं?

शिनोळी फाटा | मंगळवार, दुपारी 2.30

आधी मोबाईल एअरप्लेन मोडवर, वायफाय पण बंद. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला सांगून खातं, यूपीआय, कार्ड थांबवायचं. मग ते ॲप काढायचं. निघत नसेल, आणि यातली बरीच चिवट असतात, तर मोबाईल फॅक्टरी रीसेट. फोटो जातील म्हणून लोक टाळतात. फोटो गेले तर जाऊ देत.

काउंटर नंबर चार | मंगळवार, रात्री 8.10

बँकेत पस्तीस वर्षं काढली, आता निवृत्त. कुठली बँक ते महत्त्वाचं नाही, खिडकीच्या आतून सगळ्या सारख्याच.

यूपीआयबद्दल एवढं घरात भिंतीवर लिहून ठेवा: पिन लागतो तो पैसे जाताना. येताना पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, काही करावं लागत नाही. व्यक्तीने व्यक्तीकडे "पैसे पाठव" अशी रिक्वेस्ट पाठवायची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केली, कारण त्यातून फार लूट व्हायची. दुकानदारांची रिक्वेस्ट चालू आहे, तेव्हा नाव वाचल्याशिवाय पिन नको.

बँकेचा फोन ओळखायचा कसा? बँकांना सेवेच्या फोनसाठी 1600 ने सुरू होणारे नंबर दिलेत, जाहिरातीसाठी 140. साध्या दहा आकडी मोबाईलवरून "बँक मॅनेजर बोलतोय" आलं तर तो मॅनेजर नाही. बँकांच्या साइटचा पत्ताही आता .bank.in ने संपतो. ग्राहक सेवेचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथे ठगांनी आपले नंबर पेरून ठेवलेत. एटीएम कार्डाच्या पाठीमागे छापलेला असतो तोच घ्या.

स्टार, हॅश अशा खुणांचे नंबर कोणी डायल करायला सांगितले तर करू नका. *401* आणि पुढे एखादा नंबर लावला की तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात, मग ओटीपीचा फोनही तिकडेच. ही सोय दूरसंचार खात्याने 2024 च्या एप्रिलपासून थांबवायला सांगितली, तरी शंका असेल तर ##002# लावा, वळवलेलं सगळं रद्द होतं.

आता अंगठ्याचं, कारण खेड्यात हे जास्त आहे. आधार आणि अंगठ्यावर पैसे काढायची सोय असते. त्यात ओटीपी नाही, पिन नाही. कर्नाटकात 2023 मध्ये जमिनीच्या खरेदीपत्रांवरचे ठसे वापरून पैसे काढल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करता येतं, करून ठेवा. अडचण एवढीच की मग रेशन दुकानात अंगठा जुळत नाही म्हणतात. रेशनला जाताना थोडा वेळ उघडायचं, परत बंद. कटकट आहे, पण करा. अंगठा लावायला रांगेत उभी राहणारी म्हातारी माणसं हे कसं करणार याचं उत्तर माझ्याकडे नाही. घरातल्या नातवाने करावं.

उद्यमबागचा हिशेबनीस | मंगळवार, रात्री 8.35

काउंटरसाहेब, पैसे गेले तर बँक भरून देते का? इथे दोन मतं ऐकतो.

काउंटर नंबर चार | मंगळवार, रात्री 9.05

रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात नियम घालून दिलाय. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणी घुसून पैसे काढले, आणि तुम्ही बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर शून्य भार. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ठराविक मर्यादेपर्यंत. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते.

मेख अशी की पिन, ओटीपी तुम्ही स्वतः दिला असेल तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणजे ठगांनी पद्धतच अशी काढलीय की बटण आपल्याच बोटाने दाबलं जावं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर नियम जुना झालाय. सत्तरीतला माणूस बारा वर्षांत एकदाही न केलेला व्यवहार दुपारी एका तासात तीनदा करतो, तेव्हा खिडकीतल्या माणसाने "आजोबा, कोणाला पाठवताय?" विचारायला हवं. पूर्वी आम्ही विचारायचो. ग्राहकाला रागही यायचा.

म्हणून कळवणं लवकर. 1930 हा सायबर फसवणूक कळवायचा देशभराचा नंबर, महाराष्ट्राचं सिम असो की कर्नाटकाचं. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात मिनिटांत फिरतात. मधे कुठे अडवता आले तर आले. फोन लागेना तर cybercrime.gov.in वर तक्रार. हाताशी ठेवायचं ते बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक, म्हणजे युटीआर (यूपीआयचा बारा आकडी).

काळा कोट | मंगळवार, रात्री 10.40

तात्यांनी पोलिसांचं विचारलं म्हणून.

बेळगावात सायबरसाठी सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाणं आहे. पण त्याच ठाण्यात गेलं पाहिजे असं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. खातं कोल्हापूरच्या शाखेत, राहणं निपाणीत, पैसे गेले तेव्हा माणूस गडहिंग्लजला लग्नात. "हद्द आमची नाही, तिकडे जा" हे उत्तर आता कायद्यात बसत नाही. झिरो एफआयआर म्हणतात ते हेच. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची असते.

भाषेचं. तक्रार कन्नडमध्येच लिहून आणा असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. तोंडी सांगितलेली माहिती लिहून घेणं आणि ती तक्रारदाराला वाचून दाखवणं हे ठाण्याचं काम आहे, आणि प्रत फुकट द्यायची असते. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. माझा अनुभव असा की मराठीत नीट टाइप केलेला, तारीख-वेळ-रक्कम ओळीने लिहिलेला अर्ज नेला तर वादच होत नाही. आपल्या बऱ्याच पोलिसांना मराठी समजतंच. तिथे जाऊन भांडण उकरू नये, वेळ आपलाच जातो. कन्नडमध्ये लिहिलेलं वाचून घेतल्याशिवाय मात्र सही करू नका.

गणपत गल्ली | बुधवार, सकाळी 10.15

मी वेगळ्याच बाजूने अडकलोय. कापडाचं छोटं दुकान आहे. एका गिऱ्हाईकाने यूपीआयने पैसे दिले, माल घेऊन गेला. नंतर माझं खातं गोठवलं. बँक म्हणते, दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांकडून आलंय, आम्ही काही करू शकत नाही. मी कोणाला फसवलो नाही, कोणी मला फसवलं नाही, खरं व्यापाऱ्यांचे चेक परत जाऊलालेत. काय करू?

काळा कोट | बुधवार, सकाळी 11.00

गिऱ्हाईकाने दिलेले पैसे कुठल्यातरी फसवणुकीतून फिरत आले असणार. बँकेकडून लेखी तीन गोष्टी घ्या: तक्रारीचा क्रमांक, कुठल्या ठाण्याची, वादातली रक्कम किती. मग त्या ठाण्याला ईमेल: बिल, मालाचा तपशील, युटीआर, दुकानाचा परवाना, जीएसटी असेल तर तो. बँकेलाही अर्ज द्या की पूर्ण खातं नको, वादातली रक्कम तेवढीच अडवा. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अशाच प्रकरणात हीच दिशा दिलेली आहे, अर्जात उल्लेख करा. कॅमेऱ्याचं चित्रण असेल तर पुसलं जायच्या आत काढून ठेवा.

कॉलेज रोड | बुधवार, दुपारी 12.30

दुकानवाल्या काकांकडे ते पैसे कुठून फिरत आले ते मी सांगू शकतो, कारण आमच्या वयाच्या मुलांमधूनच ते फिरतात.

हॉस्टेलवर, खोल्यांवर राहणाऱ्या मुलांना ऑफर येते: खातं उघड, पासबुक, एटीएम आणि सिम आम्हाला दे, महिन्याला काही हजार घे. "गेमिंगचे पैसे आहेत", "टॅक्स वाचवायचाय" असं कारण. मुलाला वाटतं, खात्यात माझे तर शंभर रुपये आहेत, माझं काय जाणार? जातं ते असं की पोलीस येतात तेव्हा नाव, फोटो, आधार त्याचं. पासपोर्ट, नोकरी, सगळं लटकतं. खातं भाड्याने देणारा साक्षीदार नसतो, आरोपी असतो.

दुसरं टेलिग्रामवरचं "घरबसल्या काम". व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला स्टार द्या, पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरोखर येतात. मग "प्रीपेड टास्क". स्क्रीनवर लाखभर जमलेले दिसतात, काढायला गेलं की आधी टॅक्स भरा. शेअरचे व्हॉट्सॲप ग्रुप पण तसेच, त्यात नफ्याचे स्क्रीनशॉट टाकणारे सगळे त्यांचेच. नोंदणीकृत ब्रोकरना पैसे भरायचे तर शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2025 च्या ऑक्टोबरपासून @valid आणि त्याला जोडून बँकेचं नाव असलेले यूपीआय पत्ते दिलेत. एखाद्या माणसाच्या सेव्हिंग खात्यात भरा म्हणाले तर तो ब्रोकर नाही.

आणि ठग म्हणजे कायम झारखंडातला, नाहीतर म्यानमारमधला असं समजू नका. 2025 च्या नोव्हेंबरात बेळगाव पोलिसांनी शहरातच चाललेलं बनावट कॉल सेंटर पकडलं. फोन अमेरिकेतल्या लोकांना जायचे.

शहापूरकर तात्या | बुधवार, दुपारी 1.10

बेळगावात? घ्या. कुंदा खाऊन अमेरिकेला लुटूलालते!

खानापुरी | बुधवार, दुपारी 1.45

तात्या, 2024 मध्ये देशभरात सायबर फसवणुकीत लोकांचे 22,845 कोटी गेले असं सरकारने संसदेत सांगितलंय. एवढे पैसे वाहून न्यायला हमाल लागतातच, ते गावोगाव असणार.

निपाणीची सून | बुधवार, सायंकाळी 5.20

आमच्या महिला मंडळात हा धागा वाचून दाखवला. एकीने विचारलंय, तिच्या आधारवर किती सिम आहेत ते कसं कळेल? तिचा नवरा चिकोडीत एका स्टॉलवर सिम घ्यायला गेला तेव्हा "अंगठा नीट आला नाही" म्हणून दोनदा घेतला होता.

शिनोळी फाटा | बुधवार, सायंकाळी 5.50

संचार साथी नावाची दूरसंचार खात्याची साइट आणि ॲप आहे. स्वतःचा नंबर टाकला की आपल्या नावावरचे सगळे नंबर दिसतात, आपला नसलेला तिथेच "माझा नाही" म्हणून कळवता येतो. एका माणसाला नऊपर्यंत सिम घेता येतात, त्यामुळे एखादं जास्तीचं असेल तर पत्ताही लागत नाही. त्याच साइटवर चक्षू नावाची सोय आहे, ठगाचा फोन किंवा मेसेज आला आणि पैसे गेले नसतील तर तिथे नोंदवायचं. पैसे गेले असतील तर चक्षू नाही, 1930.

नवऱ्याला म्हणावं आजच बघ. दोनदा अंगठा म्हणजे दोन सिम असू शकतात.

उद्यमबागचा हिशेबनीस | बुधवार, रात्री 9.00

काउंटरसाहेबांचा यूपीआयचा प्रतिसाद आणि वकीलसाहेबांचा झिरो एफआयआरचा, दोन्ही एका पानावर मोठ्या अक्षरांत टाइप करतोय. वाचनालयात, मंदिराच्या फळ्यावर, दूध डेअरीत लावायला. डेअरीत सकाळी सगळी म्हातारी मंडळी येतातच. कोणाला कन्नडमध्ये करून द्यायला जमेल का? कन्नड शेजाऱ्यांनाही तेच फोन येतायत.

कॉलेज रोड | बुधवार, रात्री 9.20

कन्नडचं मी करतो. माझी रूममेट मंडळी तपासून देतील.

गणपत गल्ली | शुक्रवार, दुपारी 4.30

वकीलसाहेब, अर्ज दिलो. बँकेने वादातली रक्कम अडवून बाकी खातं सोडलं, आज व्यापाऱ्यांचे दोन चेक पास झाले. त्या ठाण्याला बिल आणि कॅमेऱ्याचं चित्रण पाठवलोय, उत्तर आलेलं नाही. आलं की इथे टाकतो.